शेवटचं बोला

गाडी विकणाऱ्याला आमच्या काकांचा पहिला फोन जातो, तो किमतीसाठी नसतो. ‘मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका,’ एवढंच ते बजावतात. पोचल्यावर नमस्काराच्या आधी बॉनेटवर तळहात. बॉनेट कोमट लागलं तर काका आल्या पावली परत. गार इंजिनच खरं बोलतं, असं त्यांचं मत आहे, आणि ते चुकीचं नाही.

मध्यंतरी त्यांच्या नजरेत धनकवडीतली 2018 सालची डिझेल ब्रेझा होती. मारुतीनं 2020 च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद केल्या, आणि जे बंद झालं तेच चांगलं होतं, ही काकांची श्रद्धा. इंजिन 1248 सीसीचं, मूळचं फियाटचं. हे सांगताना त्यांचा आवाज घराण्याचं नाव घेणाऱ्या गवयासारखा होतो. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. लांबी 3995 मिलिमीटर. चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी, म्हणून पाच मिलिमीटर राखून बांधलेली. हे पाच मिलिमीटर काकांना गाडीपेक्षाही आवडतात. ‘याला म्हणतात हिशोब!’

मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक बाहेर येतं. ते दारांवरून फिरतं. जिथे निसटेल तिथे रंगाखाली पुट्टी. दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले जातात, प्रत्येक काचेवरचं साल जुळवलं जातं. मग काका चक्क फरशीवर बसून टायर वाचतात. 3118, म्हणजे 2018 चा एकतिसावा आठवडा. टायर मूळचे निघाले! आनंद? छे. ‘मूळचे म्हणजे बदलायला आले.’ नवे निघाले असते तर ‘का बदलले?’ रनिंग कमी असेल तर गाडी उभ्या उभ्या सडली, जास्त असेल तर पिळून काढली. या गाडीचं बेचाळीस हजार, म्हणजे धड कमी नाही की जास्त नाही. काकांनी क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर दाखवून विचारलं, ‘बेचाळीस हजारांत एवढं?’

‘पुण्यात चालवलीय हो, काका,’ विकणारा म्हणाला. याला काकांकडेही उत्तर नव्हतं.

काकू तोवर मागच्या सीटवर बसून मोकळ्या झाल्या होत्या. ‘अहो, एसी गार आहे, गुडघे टेकत नाहीत. घेऊन टाका.’

‘तुला त्यातलं काय कळतं?’

‘बसायचं मलाच आहे.’

खरा घोळ पुढे झाला. काका म्हणाले, ‘शेवटचं बोला.’ सव्वासहा लाख सांगणारा माणूस सरळ सहावर आला. घासाघीस नाही, आईच्या आजारपणाची गोष्ट नाही. काकांचा चेहरा पडला. ‘एवढ्या पटकन उतरला, म्हणजे काहीतरी आहे,’ असं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. मग आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तो उतरल्याचं पत्र कुठे, इन्शुरन्स कधी संपतो, अशी उलटतपासणी सुरू झाली. सगळे कागद चोख निघाले. काकांच्या फाइलमध्ये मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 कायम कोरे असतात. त्यांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. त्या दिवशीही ते कोरेच परत आले. ‘विचार करून कळवतो.’

मला विचाराल तर काकांना गाडी नकोच आहे. गाडी घेतली की उद्यापासून अख्खी सोसायटी तिच्यात खोट काढणार, आणि खोट काढण्याचा हक्क काका सहा लाखांना विकणार नाहीत.

ती ब्रेझा एका बाईंनी घेतली. एक चक्कर मारली, हॉर्न वाजवून पाहिला, टोकन दिलं. काका आता चिंचवडला एक इकोस्पोर्ट बघायला निघालेत.

तुम्हाला तुमची गाडी विकायची असेल तर काकांना जरूर बोलवा. ते घेणार नाहीत, पण गाडीत काय काय दुरुस्त करायला हवं ते फुकट कळेल. चहा तेवढा बिनसाखरेचा ठेवा.