व्हिसा नाकारला म्हणजे काकू खोट्या?

"अहो ताई, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या काकूंचा व्हिसा फेटाळला!" शेवग्याच्या शेंगा आकडीनं ओढता ओढता वहिनींनी कुंपणापलीकडून बातमी टाकली. "नुसता फेटाळला नाही, दहा वर्षं पाऊल ठेवायचं नाही म्हणे. लेकीचं बाळंतपण लंडनला, आणि डिंकाचे लाडू इथं डब्यात!"

"पण केलं काय त्यांनी?"

"काय करणार बिचाऱ्या! एफडीची पावती जोडली. तिकडून कुणी शाखेत फोन करून चौकशी केली. आता ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, नंबर सगळे बदललेले, पावती मात्र जुनीच. शाखेतल्या पोरानं जुना नंबर टाकून पाहिला आणि सांगून मोकळा झाला, असं खातंच नाही. झालं! पावती बनावट, काकू फसव्या." मग आवाज खाली आणून, "पण ताई, गल्लीत बोलतात ना, की जाळाशिवाय धूर निघत नाही."

गल्लीला काय, बोलायला पैसे पडत नाहीत. मी म्हटलं, शेंगा राहू द्या जरा, एका बाईची हकीकत ऐका.

राहिना इब्राहिम तिचं नाव. मलेशियाची, अमेरिकेत स्टॅनफर्डला पीएचडी करत होती. 2 जानेवारी 2005 ला सॅन फ्रान्सिस्कोहून मायदेशी निघाली. नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून व्हीलचेअरवर, आणि बरोबर 14 वर्षांची मुलगी. तिकीट दाखवलं तर काउंटरवाल्यांनी पोलीस बोलावले. सगळ्यांदेखत हातकड्या घातल्या आणि दोनेक तास कोठडीत बसवलं.

"अगंबाई! चोरी?"

"चोरी कसली, विमानबंदीच्या यादीत नाव. पुढं सोडलं, दुसऱ्या दिवशी विमानातही बसू दिलं. ती घरी पोचली आणि महिन्याच्या आत तिचा विद्यार्थी व्हिसा रद्द. का, ते कुणी सांगेना. गुपित म्हणे!"

ही बाई मात्र चिवट. 2006 साली तिनं अमेरिकी सरकारवरच दावा लावला. खालच्या कोर्टानं तो दोनदा काढून टाकला, वरच्या कोर्टानं 2008 ला आणि 2012 ला, दोन्ही खेपेस परत उभा केला. मधल्या काळात, 2009 ला, तिनं नव्यानं व्हिसा मागितला. नकाराच्या कागदावर दहशतवादाचं कलम होतं, आणि बाईला नीट कळावं म्हणून की काय, साहेबानं शेजारी कंसात हातानं लिहून दिलं होतं, दहशतवादी. तोवर ही मलेशियातल्या विद्यापीठात शिकवत होती, हे लक्षात घ्या.

"मग तिनं केलं तरी काय होतं?"

"तिनं काहीच केलं नव्हतं. एफबीआयच्या एका माणसानं फॉर्म चुकीचा भरला होता."

वहिनींची आकडी हवेतच थांबली. खरं सांगते, निकालपत्र सगळ्यांना वाचायला खुलं आहे. नोव्हेंबर 2004 मधला तो फॉर्म असा होता, की ज्या याद्यांत नाव घालायचं *नाही* तिथं खूण करायची. साहेबांनी घालायचं समजून खुणा केल्या. उलटा फॉर्म, सरळ भरला. तिला विमानबंदीत टाकायचा त्यांचा विचारही नव्हता! आणि आपण चुकलो हे त्यांना कळलं कधी? सप्टेंबर 2013 मध्ये, ह्याच खटल्यात त्यांची साक्ष घेतली तेव्हा.

त्या डिसेंबरात खटला उभा राहिला. हिची थोरली मुलगी जन्मानं अमेरिकेची नागरिक, साक्षीला निघाली, तर तिलाही क्वालालंपूरला विमानात चढू दिलं नाही. न्यायाधीश विल्यम अल्सप ह्यांनी जानेवारी 2014 ला निकाल दिला. ते म्हणाले, ही चूक म्हणजे सर्जननं भलतंच बोट कापावं तशी आहे. बाईपासून देशाला धोका नाही, हे सरकारी वकिलांनीही कबूल केलं. सगळ्या याद्यांतून त्या चुकीचा माग पुसून काढा, असा हुकूम झाला.

"आणि मग गेली का परत?"

"तेच तर! व्हिसा द्या असा हुकूम कोर्टानं दिला नाही. तो अधिकार वकिलातीचा."

"म्हणजे मिळालं काय तिला, नुसता कागद?"

वहिनींचा प्रश्न रास्त आहे, पण माझं मत वेगळं. दहशतवादी हा शिक्का घेऊन जगात कुठंही नोकरी, परिषद, प्रवास करायचा, आणि तो शिक्का खोटा होता हे कोर्टाच्या मोहोरेनिशी हातात असायचं, ह्यांत फार अंतर आहे. चूक एका खुणेची होती. नऊ वर्षं गेली ती कारण काय ते सांगायचं नाही, ह्या सरकारी हट्टापायी. आपल्याकडे मनेका गांधींचा पासपोर्ट 1977 ला जमा करून घेतला तेव्हाही कारण सांगायला नकारच दिला होता. 1978 ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारचे कान उपटले.

काकूंचं प्रकरण त्यामानानं हलकं आहे, कारण नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये नुसत्या पर्यटक व्हिसाच्या नकारावर अपील चालत नाही, पण न्यायालयीन पुनर्विलोकन मागता येतं, आणि त्याआधी वकिलानं तिथल्या गृहखात्याला रीतसर पत्र धाडायचं असतं. पुष्कळदा पत्रावरच फाइल पुन्हा उघडते. 2010 साली तिथल्या अपील न्यायालयानं एका नायजेरियन माणसाच्या बाबतीत सांगितलं होतं, की उत्तर चुकलं म्हणून ते खोटं ठरत नाही, त्यामागं लबाडी असावी लागते. त्यानं वाहन चालवण्यावरून झालेली शिक्षा फॉर्ममध्ये लिहिली नव्हती. तोही गुन्हाच असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकूंची तर पावतीही खरी आहे.

"मग आता बँकेत जायचं?" वहिनी.

"आजच. जुना नंबर अमुक, नवा नंबर तमुक, ठेव ह्याच बाईंची, एवढं शाखाधिकाऱ्याकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून आणायचं. नकाराचं पत्र, अर्जाची छापील प्रत, सगळं एका फायलीत."

"पण एजंट म्हणतो, नवा अर्ज टाका आणि जुन्याचं नावच काढू नका."

ऐकलंत? पूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का, हा प्रश्न त्या फॉर्मवर असतोच. तिथं 'नाही' लिहिलं, की आजवर न केलेली फसवणूक काकूंच्या हातून खरोखरच होईल, आणि मग कुठलाही वकील सोडवू शकणार नाही. तुमच्या घरात असं पत्र आलं असेल, तर एजंटला फोन करण्याआधी त्यावरची तारीख पाहा. पुनर्विलोकनाला मुदत तीन महिन्यांची, आणि तीही शेवटच्या दिवसापर्यंत ताणायची नसते. काकूंचा पहिला महिना रडण्यातच गेला.