छापेकाका

छापेकाका घरी आले की आधी माणसांकडे बघत नाहीत, सपाट जागांकडे बघतात. टीपॉयवर चहा ठेवला तर कप बाजूला सरकवून ते टीपॉयवरून तळहात फिरवतात, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग विचारतात, "सागवान की प्लाय?" सागवान म्हटलं की डोळे चमकतात. प्लाय म्हटलं तरी चमकतात, फक्त मग "वरचा सनमायका निघेल का?" असा उपप्रश्न येतो. या भेटीला आमच्याकडे 'छापा पडणं' म्हणतात.

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. ते इथे लिहिलं तर ते हे पान कापून एखाद्या पाटावर उतरवतील, म्हणून लिहीत नाही.

काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की कुणाला पत्रकार आठवत नाहीत. प्रेस म्हणजे १९२५ सालची इंडिया सिक्युरिटी प्रेस, नाहीतर तिच्याच शेजारचा नोटांचा छापखाना. काका पहिल्यातले, म्हणजे टपाल तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट यांतले. पण हे फक्त जेलरोडवर कळतं. कुठल्याही लग्नात नवा पाहुणा डोळा मिचकावून विचारतोच, "काय काका, एखादं बंडल घरी आणलं की नाही?" काका "नोटा शेजारी" एवढंच सांगतात आणि जिलबीकडे वळतात. उभी नोकरी कागद मोजून घेण्यात आणि मोजून परत देण्यात गेली. बिघडलेला कागदसुद्धा मोजायचा. अशा माणसाला निवृत्तीनंतर पुण्याच्या नातीने मोबाइलवर दाखवलं, की साधी प्रिंट घेऊन कुणाचाही फोटो लाकडावर उतरवता येतो आणि बिघडला तर कुणी विचारत नाही. त्या 'कुणी विचारत नाही'नं घात केला.

काकांच्या कलेची सुरुवात झेरॉक्सच्या दुकानात होते.

"लेझर आहे ना? इंकजेट नको."

"लेझरच आहे, काका. कालही लेझरच होतं."

काकांचा विश्वास नाही. बोट जिभेला लावून ते प्रिंटचा कोपरा घासतात. रंग पसरला तर इंकजेट, नाही पसरला तर लेझर. कारण लेझरची शाई ही शाई नसतेच, प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते. मशीन ती तापवून कागदावर बसवतं, म्हणून ती पाण्याला दाद देत नाही. हे सगळं ते दुकानातल्या पोराला दर वेळी सांगतात आणि पोरगा दर वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड लॅमिनेट करत ऐकतो.

"आता उलटी काढ."

"उलटी म्हणजे? डोकं खाली?"

"आरशातली रे! कागद पालथा पडणार ना."

पुढचं घरी. लाकूड आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग फेविकॉलचा थर द्यायचा. तो किती? काकांचं माप ठरलेलं आहे: तव्याला धिरड्यापुरतं तेल लावतो तेवढा. त्यावर प्रिंट पालथी घालायची आणि मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढत जायचं. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी कागदाची पाठ ओल्या फडक्याने भिजवायची आणि बोटाच्या पेराने हळूहळू चोळायची. कागदाचा लगदा शेवयांसारखा वळत निघतो आणि खाली चेहरा उजळायला लागतो. आधी एक भुवई, मग कान, मग मंगळसूत्र. हे पाहताना मीसुद्धा श्वास रोखून धरलेला आहे, खोटं कशाला बोलू. वाळल्यावर चित्रावर पुन्हा धुकं येतं, म्हणजे कागद थोडा राहिलाय. पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. धुकं संपतं कुठे आणि नाक सुरू होतं कुठे, हे कळणं हीच खरी विद्या. सोसायटीच्या माजी सेक्रेटरींचं नाक तिसऱ्या फेरीत गेलं. काकांनी ते पेन्सिलीने काढून दिलं. घरच्यांचं मत, मूळच्यापेक्षा बरं आहे.

फळ्या मिळवण्याचे काकांचे मार्ग त्यांचे त्यांनाच माहीत. अंबडच्या कंपन्यांत मशिनं ज्या पाइनच्या खोक्यांतून येतात ती भंगारात गेली की निम्मी काकांकडे. आणि जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवतायत असं कळलं की लोक हळहळतात, काका रिक्षा करतात.

या कलेतली एक मेख मात्र ते आधी सांगत नाहीत. प्रिंटरात पांढरा रंग नसतो. कागदावर जे पांढरं दिसतं तो कागद असतो, आणि तो तर चोळून काढलेला. म्हणजे जिथे पांढरं तिथे लाकूड. वरच्या मजल्यावरच्या वारकरी आजोबांचा टोपी-धोतरातला फोटो जुन्या सागवानावर उतरला तेव्हा टोपी तपकिरी, धोतर तपकिरी आणि मिशाही तपकिरी. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धोतर न धुता वारीला गेल्यासारखं वाटतंय." काकांनी त्याला 'जुना लुक' असं नाव दिलं आणि पुढची फळी घेतली.

पण खरा इतिहास घडला तो तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या गणपतीचा. घरच्या बाप्पाचा फोटो फळीवर उतरवून देव्हाऱ्याच्या मागे लावायचा, असा बेत होता. झेरॉक्सवाल्याकडे त्या दिवशी नवा पोरगा. त्याने सरळच प्रिंट दिली आणि काका नेमके बोट चाटण्यात गुंतलेले. सकाळी कागद चोळून काढला तर बाप्पा सुरेख आले होते, जास्वंदाची पाकळी न् पाकळी आली होती. फक्त डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला होता.

आता उजव्या सोंडेचा म्हणजे सोवळं कडक. वहिनींची शाळा सकाळी सातची. "काका, मला हे कसं झेपायचं?"

"अहो, फोटोच आहे तो."

"फोटोतली झाली तरी सोंड ती सोंडच."

मग जिन्यातच सभा भरली. डावी म्हणजे कुणाची डावी, बाप्पाची की बघणाऱ्याची, यात अर्धा तास गेला. कुणी म्हणालं विसर्जन करा, तर फेविकॉल नदीत चालेल का हा प्रश्न निघाला. शेवटी वहिनींच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "समोर आरसा ठेवा आणि आरशातल्याची पूजा करा." काकांनी तेव्हाच आपला दाढीचा आरसा आणून दिला. आजही त्या घरी पाठमोरं बसून फूल वाहतात. काका म्हणतात, तंत्रदृष्ट्या ही पद्धत अचूक आहे.

त्यानंतर एका आजींचा पदर असाच उजव्या खांद्यावर गेला आणि त्या गुजराथी दिसायला लागल्या, पण आजींना स्वतःला ते आवडलं, म्हणून बोभाटा झाला नाही.

उलटेपणावरून कुणी टोकलं की काका थेट दादासाहेब फाळक्यांना उभे करतात. "कुठले ते? त्र्यंबकेश्वरचे. गेले कुठे? नाशकात, १९४४ साली. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' काढला ते सगळ्यांना माहीत, पण त्याआधी काय करायचे? छपाई! रविवर्म्यांच्या छापखान्याचं काम केलंय त्यांनी. दगडावरून छापायचं तर चित्र दगडावर उलटंच काढावं लागतं. आणि जादूचे प्रयोग करायचे तेव्हा नाव काय घ्यायचे, माहितीये? प्रोफेसर केळफा! फाळके उलटं वाच." इथे काका थांबतात. ऐकणारा मनात के-ळ-फा असं जुळवून मान हलवेपर्यंत ते त्याच्या चौरंगावर हात फिरवून झालेले असतात.

लाकूड संपलं की कापड. त्याचा कागद वेगळा मिळतो, इस्त्रीने चिकटवायचा. कापड सुती हवं, आणि आधी धुऊन खळ काढलेलं. इस्त्री कडक तापलेली, पण वाफ बंद. आणि ती इस्त्री काकूंची, इथेच सगळं आलं. काकूंनी येवल्याची पैठणी बँकेच्या लॉकरात ठेवलीय. लोक सोनं ठेवतात, यांची पैठणी आहे. कापडावरचं काकांचं सर्वोत्तम काम म्हणजे जावयाचा चेहरा, उशीच्या दोन अभ्र्यांवर. दिवाळीला जावई आले आणि रात्री स्वतःच्याच गालावर गाल ठेवून झोपले. चौथ्या धुण्याला त्यांच्या कपाळाला बारीक भेग गेली. तेव्हापासून कामवाल्या मावशींना काकूंची रोजची सूचना असते, "जावयांना उलटं करून धुवा, आणि पिळू नका."

काकांनी इतक्या वर्षांत स्वतःचा फोटो एकदाच उतरवला, निवृत्तीच्या दिवशीचा. त्यासाठी भद्रकालीतल्या एका वाड्याच्या दाराची फळी राखून ठेवली होती, काळपट, तेल मुरलेली. घासली, फेविकॉल लावला, प्रिंट उलटी, सगळं काटेकोर. दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. मी पाहिलं. फळीवर शालीचे काठ होते, एक नारळ होता, आणि नारळाच्या वर हवेत तरंगणारा काळ्या फ्रेमचा चष्मा होता. काका कुठे दिसेनात. पांढरे केस, पांढरा शर्ट, पांढरी पँट. सगळा माणूस दाराच्या लाकडात शिरला होता.

"छान आलाय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"नारळाची शेंडी बघ," काका म्हणाले. "केस न् केस आलाय." मागून काकूंनी चहा आणला. "प्रेसला होते तेव्हाही असेच दिसायचे नाहीत घरात," त्या म्हणाल्या आणि कप नेमका त्या फळीवर ठेवला. काकांनी तो उचलला, खालचं ओलं वर्तुळ शर्टाच्या टोकाने पुसलं, आणि चष्म्यावर कुठे डाग पडलाय का ते वाकून पाहिलं.

परवा सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर काका उभे. माझ्याकडे न बघता दाराच्या फळीवरून हात फिरवत होते.

"तुझा एक फोटो पाठव व्हॉट्सअॅपवर."

"कशाला, काका?"

"तू पाठव तर. समोरून काढलेला. आणि हे बघ," आता पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळापासून पायापर्यंत, "पांढरा शर्ट नको."