खालचा गुंता

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, उपवास सोडून आमचे कुटुंब उशांचे अभ्रे शिवावयास बसले असता, घरातील शिवणयंत्राने असहकार पुकारला. आणि त्या दिवसापासून कोजागरीपर्यंत आम्ही जे पाहिले, ऐकले आणि भोगले त्याची कैफियत वाचकांच्या दरबारी रुजू करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो. असहकार म्हटला, तरी तो उघड नव्हता. चाक फिरत होते, सुई वरखाली होत होती, कापड पुढे सरकत होते, आणि वरून पाहणाऱ्यास टीप एखाद्या सरकारी खात्याच्या वार्षिक अहवालासारखी सरळ व निर्दोष दिसत होती. परंतु कापड उलटले की खालच्या अंगास दोऱ्याचे असे काही जंजाळ माजलेले असे, की घरटे बांधण्याचा ठेका सुगरणीकडून काढून कावळ्याला दिला असावा.

हे यंत्र आमच्या सासूबाईंचे. बिडाच्या पायदानावर उभे असलेले, काळे, वजनदार आणि अबोल. त्याच्या अंगावरील सोनेरी वेलबुट्टी तेल पुसता पुसता फिकट झाली असून कंपनीचे नावही त्याच क्रमाने दिसेनासे झाले आहे. ते नाव आम्ही येथे सांगत नाही ते याच कारणास्तव, अब्रूनुकसानीच्या दाव्याच्या भयाने नव्हे, असे वाचकांनी कृपा करून मानावे.

शिवणयंत्राचा इतिहास मुळातच क्लेशकारक आहे. बार्थेलेमी थिमोनिए नामक फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेऊन पुढे पॅरिसात फौजेचे गणवेश शिवण्याचा कारखाना चालविला, तेव्हा आपल्या पोटावर पाय येणार या धास्तीने तेथील शिंप्यांच्या जमावाने चाल करून त्याची यंत्रे मोडून टाकली. ज्या कार्यास त्या काळी जमाव लागला, तेच कार्य आज खिशात पेचकस बाळगणारा एकटा इसम घरपोच पार पाडतो, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. पुढे १८४६ मध्ये एलियास हाऊ या अमेरिकन गृहस्थाने टोकाशी नेढे असलेली सुई आणि दुसरा दोरा वाहणारा धोटा यांची जोडी जमवून पेटंट मिळविले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपले सुधारलेले यंत्र पुढे आणले, आणि १८५६ पासून त्याच्या कंपनीने ते हप्त्याने विकण्याची प्रथा पाडली. यंत्र हप्त्याने दुरुस्त करण्याची प्रथा मात्र अस्सल स्वदेशी आहे. यंत्रांविषयी इतके कठोर असणाऱ्या गांधीजींनीदेखील १९२४ मध्ये रामचंद्रन नामक विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात, सिंगरने पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून हे यंत्र घडविले अशी हकीकत सांगून, शिवणयंत्रास अपवाद म्हणून माफी दिली होती. ती माफी यंत्रापुरती होती. दुरुस्ती करणारांस ती लागू असल्याचे आमच्या वाचनात नाही.

कंपनीच्या दूरध्वनीवर प्रथम सतारवादन झाले, मग भाषांची यादी झाली, आणि मराठीसाठीचा आकडा दाबल्यावर एका सुस्वर स्त्रीने अस्खलित हिंदीत आमचे क्षेम विचारून तेरा अंकी तक्रार क्रमांक बहाल केला. तो आम्ही कालनिर्णयाच्या पानावर लिहून ठेवला. नवव्या दिवशी पहिला कारागीर अवतरला. त्याने यंत्र मागे कलते करून त्याच्या पोटात विजेरी धरली, ‘च्‌ च्‌’ असा उद्गार काढला आणि निदान केले, “काकू, बॉबिन केस गेली.” नवी बॉबिन केस बसली, पैसे गेले, गुंता राहिला. दुसरा आला तो श्रावणात. त्याने विजेरी लावण्यापूर्वीच, या धंद्यातील प्रत्येक पुरुष दीक्षा घेतानाच शिकत असावा तो प्रश्न विचारला : “याला आधी कोणी हात लावला होता?” आम्ही कबुली देताच पूर्वसूरीच्या ज्ञानाचा, साधनांचा आणि सचोटीचा त्याने असा काही पंचनामा केला की टीकाशास्त्राच्या अध्यापकांनी वह्या घेऊन बसावे. नंतर त्यानेही यंत्र मागे कलते केले, शटल झिजल्याचे सांगितले, ते बदलले, सुई चौदा नंबरची काढून सोळा नंबरची घातली, आणि अभ्र्याच्या चिंधीवर चार बोटे टीप मारून, ती उलटून न पाहता, तो निघून गेला.

तिसऱ्या खेपेस आम्हीच यंत्र रिक्षात घालून रविवार पेठेतील एका दुकानी दाखल केले. “ठेवून जा, काका,” हे तेथील मालकाचे पहिले वाक्य होते, आणि पुढील दोन महिने त्यांनी त्यात फारशी भर घातली नाही. एक चिठ्ठी मिळाली, तीवर एक तारीख होती, आणि त्या तारखेस गेलो असता दुसरी तारीख मिळाली. दिवाणी दाव्यात निदान प्रतिपक्षाचा वकील तरी तहकुबी मागतो, येथे वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश ही तिन्ही पदे गल्ल्यावरील एकाच गृहस्थाकडे होती. गणपतीत कारागीर गावी गेला. पितृपंधरवड्यात नवा पार्ट बसवीत नाहीत, असे आम्हांस समजावण्यात आले. नवरात्रात पार्ट मुंबईहून निघाला. खंडेनवमीस आम्ही पुन्हा गेलो, तो आमचे यंत्र फडताळावरून खाली आलेले, पुसून लख्ख केलेले, हळदकुंकू वाहिलेले आणि गळ्यात झेंडूची माळ घातलेले आढळले. आमचे डोळे भरून आले. “झालं?” आम्ही विचारले. “पूजा झाली,” मालक म्हणाले. “आज हत्याराला हात लावत नाहीत, काका. दसऱ्यानंतर या.”

या अवधीत ग्राहकहिताचे काम थांबले होते असे मात्र कोणी समजू नये. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्येच ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयास वाहिलेले संकेतस्थळ उघडले आहे, आणि त्यापूर्वी २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदाही झालेला आहे. हक्क, कायदा आणि संकेतस्थळ ही तिन्ही सुस्थितीत असून नादुरुस्त आहे ते केवळ यंत्र.

रिकाम्या हातांनी परतताना आमच्या ध्यानी एक गोष्ट आली. घरी आलेल्या दोन्ही कारागिरांनी यंत्र खालूनच पाहिले होते. गुंता खाली दिसतो, अर्थात दोष खाली आहे, हा सिद्धांत या देशात इतका सर्वमान्य आहे की त्याचे श्रेय एकट्या शिवणयंत्रवाल्यांस देणे अन्यायाचे होईल. रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला की मुकादम निलंबित होतो. परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली की शिपायाची चौकशी लागते. फाईल हरवली की ती डोक्यावरून वाहणाऱ्या हमालाचा जबाब घेतात. यंत्राच्या पोटातील बॉबिनला वाचा असती, तर तिनेही प्रशासकीय न्यायाधिकरणात अर्ज ठोकला असता.

द्वादशीस यंत्र घरी आले. पायदानाची वादी नवी, सुई नवी, बिल नवे. गुंता तोच, जुना आणि इमानी. त्यावर आम्ही देशातील कार्यसंस्कृतीच्या ऱ्हासावर एक दीर्घ भाषण करीत असता, आमचे कुटुंब उठले आणि सासूबाईंच्या ट्रंकेतून यंत्रासोबत आलेली, कडा कुरतडलेली माहितीपुस्तिका घेऊन आले. गेल्या तीन महिन्यांत, तीन तज्ज्ञ आणि एक सुशिक्षित गृहस्थ यांपैकी कोणासही ती उघडण्याचे सुचले नव्हते. तीत शेवटच्या पानावर दोषांचा तक्ता होता आणि त्याची पहिलीच ओळ अशा अर्थाची होती, की गुंता कापडाच्या खाली होत असल्यास वरच्या दोऱ्याचा ताण तपासावा.

कारण उघड आहे. सुई दोरा घेऊन खाली जाते आणि किंचित वर येऊ लागते, तेव्हा त्या दोऱ्याचा फास होतो. शटलचे टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरविते, आणि मग वरच्याने आपला दोरा वेळेवर ओढून घ्यावयाचा असतो, म्हणजे दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांस धरून राहतात. वरच्याने तो ओढलाच नाही, तर फास खाली साचतात. खालची बिचारी बॉबिन आपले काम करीतच असते.

ताण देणाऱ्या दोन पोलादी चकत्या सुईच्या वरच्या अंगास असतात. कुटुंबाने त्या पिनेने हळूच विलग केल्या, तो आतून दोऱ्याचा एक पिंजलेला तुकडा निघाला. गोधडीचा जाड दोरा. या घरात गोधडी शिवली गेल्यास अनेक वर्षे लोटली आहेत. परंतु गेल्या ज्येष्ठात एका दुपारी, घरात कोणी नसताना, प्रस्तुत सदराच्या कात्रणांचा संग्रह टिकाऊ व्हावा या सद्‌हेतूने एका इसमाने तो त्या यंत्रावर जाड दोऱ्याने शिवून काढला होता, हे आम्ही आता नाकारू इच्छीत नाही.

“अहो,” कुटुंब तो तुकडा आमच्या तळहातावर ठेवीत म्हणाले, “याला आधी कोणी हात लावला होता?”

कोजागरीच्या रात्री अभ्रे शिवून पूर्ण झाले. टीप दोन्ही अंगांनी सरळ आहे. प्रकरणाची संपूर्ण चौकशी झालेली असून, दोष वरच्या पातळीवर असल्याचे निष्पन्न झाल्यामुळे, परिपाठास अनुसरून कोणासही निलंबित करण्यात आलेले नाही.