बाटली भंगारवाल्याला द्या

रिकामी बाटली घ्यायची, तिला ॲक्रिलिक रंग फासायचा, ग्लू गनने सुतळी, शिंपले आणि मणी चिकटवायचे, वरून चमकी भुरभुरायची, आत दिव्यांची बारीक माळ सोडायची आणि या सगळ्याला पर्यावरणपूरक सजावट म्हणायचं. हे आता थांबवा.

काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा दर्जा उतरत नाही. अखंड बाटली धुऊन पुन्हा भरता येते, फुटकी भट्टीत जाते. म्हणजे ती बाटली टाकाऊ नव्हतीच. टाकाऊ तिला आपण केलं. ग्लू गनच्या कांड्या प्लास्टिकच्या. वाळलेल्या ॲक्रिलिक रंगाचा पापुद्रा प्लास्टिकचा. बाजारातली बहुतेक चमकीही प्लास्टिकचीच. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीची विक्री बंद करायला घेतली. आपल्याकडे तीच चमकी मुलांच्या हस्तकलेच्या सामानात पुडी बांधून मिळते. माळेतले सेल वर्षभरात संपतात, आणि मग काच, प्लास्टिक, तार, सेल असा एकजीव गोळा कचऱ्याच्या डब्यात जातो.

त्या डब्याशी कोण झुंजतं? पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली आपली संघटना उभी केली, ती ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. कागद, काच, पत्रा या मालावर त्यांची चूल पेटते, पण तो माल वेगवेगळा असला तरच. शिंपले आणि मणी चिकटलेली बाटली वेचणाऱ्या बाईच्या काही कामाची नाही. ते खरवडत बसली तर रोज बुडतो, नाहीतर बाटली तिथेच टाकून पुढे जावं लागतं. आपली हौस तिच्या मजुरीतून भागवायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

हौस करू नका, असं माझं म्हणणं नाही. घर सजलंच पाहिजे, आणि हाताने सजवलं तर फारच छान. फक्त चिकटवू नका. बांधा, शिवा, विणा.

गोधडी बघा. जुनी लुगडी आणि धोतरं थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवायची. चिकटवलेलं काही नाही. उसवली तर पुन्हा टाका घालता येतो, विरली तर तिचं पायपुसणं होतं, आणि सुती असल्याने शेवटी मातीतही जाते. दिवाणावर किंवा भिंतीवर अशी एक गोधडी असेल तर दुसऱ्या सजावटीची गरज उरत नाही. बुरडाची टोपली घ्या, बांबूच्या नुसत्या विणीवर ती उभी असते. घरी केलेला आकाशकंदील घ्या: कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि पिठाची खळ. खळ पाण्याने सुटते, कागद दरवर्षी नवा लागतो, सांगाडा तोच राहतो.

आणि सगळ्यात देखणी ती गोव्याची माटोळी. सिंधुदुर्गात तिलाच माटवी म्हणतात. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घड, काकड्या, कवंडळं, रानातली फळंफुलं बांधायची. गणपती गेले की खाण्याजोगं स्वयंपाकघरात, बाकीचं झाडाच्या बुंध्याशी, चौकट पुढच्या चतुर्थीसाठी माळ्यावर.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण बंदीतून पळवाट काढून आपण फोमची शीट आणली, प्लास्टिकची फुलं आणली, आणि त्यांवर हिरव्या पानाचं चित्र छापलं. आपण वस्तू बदलल्या, सवय तशीच ठेवली. बांबूचा दिवा प्लास्टिकच्या फुग्याफुग्यांच्या वेष्टनात दुसऱ्या राज्यातून मागवायचा आणि गल्लीतल्या बुरडाला ओळखायचंही नाही, ही त्याच सवयीची पुढची पायरी.

घरात काहीही आणण्याआधी, बनवण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे पुन्हा सुटं होईल का? कापूस कापसात, काच काचेत, लाकूड लाकडात परत जाईल का? जात असेल तर खुशाल आणा. नसेल तर त्यावर कितीही सुंदर फुलं रंगवा, तुम्ही कचराच बनवताय.

शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये, महिला मंडळांमध्ये ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धा होतात. संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. गोव्यात कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, तशी स्पर्धा तुमच्या गावात, तुमच्या रानातल्या फळापानांची घ्या. तेवढं जमत नसेल, तर आहे त्या स्पर्धेत एक नियम घाला. वस्तू मांडून झाली की स्पर्धकाने ती परीक्षकांसमोर सुटी करून दाखवायची, आणि प्रत्येक भाग कुठे जाणार ते सांगायचं. निम्मे गुण त्याला द्या. पुढच्या वर्षी ग्लू गन कोणी आणणार नाही.