कॅनडाची वापसी

आमच्या आणि जीजींच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. बांधताना कंपाउंड म्हणून बांधली, पण इतक्या वर्षांत तिच्यावरून इतक्या वाट्या आणि ताटल्या इकडच्या तिकडे झाल्या, की वरचा थर ओट्यासारखा गुळगुळीत झालाय. रावेरात वैशाखात बोलायच्या वेळा दोनच. सकाळी आठच्या आत, नाही तर रात्री नऊच्या पुढे. मधल्या वेळात पंख्याखाली पडून राहायचं आणि लाइट जाऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे.

परवा जीजी पहाटेच गच्चीवर बिबड्या थापून खाली आल्या. तीन दिवस भिजवलेल्या ज्वारीचा घाटा, त्यात तीळ, लसूण, मिरची. हाताला अजून चिकटलेला. एका वाटीत गरम घाटा, त्यावर तेलाची धार, ती वाटी भिंतीवर ठेवून त्यांनी विचारलं, "काय वं बाई, सूनबाईचा लाडक्या बहिणीचा हप्ता आला का?"

म्हटलं, आला. ते ई-केवायसीचं एकदाचं मिटलं.

"तुमचं बरं आहे. माह्या पोरीचे तं गेल्या सालीच बंद झाले."

जीजींची लेक ब्रॅम्प्टनला असते. जावई तिकडे ट्रक चालवतो, दोन मुलं. मला कळेना, कॅनडात कसली लाडकी बहीण?

"तठीची. दर तीन महिन्याले खात्यात पडत होते. दोनशे ऐंशी डॉलर. पेट्रोलवर धुराचा टॅक्स लावे सरकार, अन् मंग सगळ्याईले वाटून दे."

मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हे मी वाचलेलं होतं, पण त्यातले पैसे आपल्या भिंतीपलीकडच्या कुणाच्या लेकीच्या खात्यात पडत असतील, हे काही सुचलं नव्हतं. तिकडे २०१९ पासून इंधनावर धुराच्या वजनाने कर होता. एक टन कार्बनला २० डॉलरपासून सुरुवात झाली, दरवर्षी चढत २०२४ मध्ये ८० डॉलरवर गेला. पंपावर एका लिटर पेट्रोलमागे साडेसतरा सेंटच्या आसपास, म्हणजे आपले दहाएक रुपये. गोळा झालेल्यातला बहुतेक पैसा घराघरात परत. जीजींच्या लेकीच्या ओंटारिओ प्रांतात चौघांच्या घराला २०२४ मध्ये वर्षाला ११२० डॉलर. तिमाहीचे आपले सतराएक हजार रुपये झाले. गावखेड्यात राहणाऱ्याला वर वीस टक्के जास्त, कारण त्याला बसगाडी नाही, गाडीशिवाय भागत नाही.

जीजींनी घाट्यात बोट फिरवत विचारलं, "देयाचेच होते तं घेतले काबरं?"

हा प्रश्न कॅनडाच्या संसदेतही इतक्या थोडक्यात कुणी विचारला नसेल. मी भिशीचं उदाहरण दिलं. समजा आपल्या कॉलनीची एक भिशी आहे. प्रत्येकीने टाकायचे पैसे तिच्या घरातून निघणाऱ्या धुराप्रमाणे. एसी दोन, गाडी मोठी, तर जास्त टाका. सायकल आणि एक पंखा, तर पन्नास रुपये टाका. पण दिवाळीला वाटणी सगळ्यांना सारखी. आता तुमच्यासारखीने कमी टाकलं आणि सारखं उचललं, तर तुमचा फायदा. आणि जिला तोटा होतोय, ती पुढच्या वर्षी दुसरा एसी घेताना दोनदा विचार करेल.

जीजींनी जरा विचार केला. "मंग कोपऱ्यावरची बंगलेवाली पहिली भिशी सोडीन."

झालं ते अगदी असंच म्हणायचं. फक्त तिकडे बंगलेवाल्यांबरोबर सायकलवाल्यांनीही सोडली, हे मला जास्त खटकतं. मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि पहिल्याच दिवशी, १४ मार्च २०२५ ला, घरगुती इंधनावरचा कर काढायच्या कागदावर सही केली. १ एप्रिलपासून कर शून्य. त्याच महिन्यात शेवटचा परतावा पडला आणि संपलं. कारखान्यांवरचा तेवढा राहिला.

"लेक काय म्हणाली?"

"ती म्हने, पेट्रोल स्वस्त झालं, बरं झालं. तीन महिन्याने म्हने, अगं, ते पैसे बी नाही आले."

इथे आम्ही दोघी हसलो. पण त्यातच सगळी गोम आहे. पेट्रोलचा भाव पंपावर हातभर उंच आकड्यात रोज दिसतो. परतावा तीन महिन्यांनी यायचा, पासबुकात एका ओळीत. तिकडच्या बँका त्या ओळीला आपापल्या मनाने नावं देत. सरकारने २०२४ मध्ये स्वच्छ ‘कार्बन रिबेट’ नाव ठेवलं तोवर पाच वर्षं निघून गेली होती. जीजींची लेक शिकलेली, तरी तिला ते मुलांचे पैसे वाटायचे. त्यातून ती दोघांचे बर्फातले बूट घ्यायची. स्वित्झर्लंडमध्ये तर असला परतावा आरोग्य विम्याच्या बिलातूनच वजा करून देतात, तिथे तो कुणाच्या डोळ्यांत भरणार?

तेवढ्यात मागच्या घरातले आप्पा टूथब्रश तोंडात धरून आले. आप्पा वीज मंडळातून निवृत्त झाले, त्यांना युनिट हा शब्द ऐकू आला नाही तरी वासाने कळतो. चूळ भरून म्हणाले, "ताई, कॅनडात कशाले जाता? हा टॅक्स आपल्याकडे बी होता. कोळशावर. २०१० पासून."

आणि होताच. प्रणव मुखर्जींच्या बजेटमध्ये टनाला ५० रुपये. पुढे जेटलींच्या काळात २०१४ ला १००, २०१५ ला २००, २०१६ ला ४००. नाव आधी स्वच्छ ऊर्जा उपकर, मग स्वच्छ पर्यावरण उपकर. आप्पांनी विटेचा एक तुकडा उचलला आणि आमच्या भिंतीवर हिशेब मांडला. भिंत आमची, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं राहिलं. वरणगावकडून भुसावळला जाताना फेकरी गावाजवळ दीपनगरच्या ज्या चिमण्या दिसतात, तिथे एक युनिट वीज काढायला सहा-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. म्हणजे युनिटमागे पंचवीसेक पैसे. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचे वर्षाला तीनशे रुपये.

"म्हणजे मी बी भरले?" जीजींनी हात पदराला पुसला.

"तुम्ही, मी, सगळ्यांनी. बिलावर कुठे लिहिलं नव्हतं, एवढंच."

"मंग माले परत काबरं नाही भेटले?"

आप्पांनी खाली दुसरी ओळ ओढली. देशात वर्षाला साधारण शंभर कोटी टन कोळसा लागतो. गुणिले ४००, झाले चाळीस हजार कोटी. घरं धरा तीस कोटी. भागिले. घरटी तेराशे तेहतीस. अर्थात बाकीचा बोजा सिमेंटच्या गोणीत, लोखंडाच्या सळईत, रेल्वेच्या भाड्यात होता, तोही फिरून आपल्यावरच येतो. पण ज्याच्या घराला सळई लागत नाही, कुडाच्या घरात एक दिवा आहे, त्याने तेराशे भरलेच नव्हते. त्याला ते नफ्यात पडले असते.

वाटले मात्र कधीच गेले नाहीत. आधी ते पैसे स्वच्छ ऊर्जेच्या एका राष्ट्रीय निधीसाठी होते. जमा झाले त्यातले थोडेच निधीत पोचले आणि पोचले त्याहून थोडे खर्च झाले. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तोच ४०० रुपयांचा उपकर राज्यांची भरपाई करण्याकडे वळला. धुराचा पैसा धुराशी बोलेनासा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ वर आला. आप्पांचं म्हणणं, त्यात खरी मेख आहे. दीड हजार रुपये टनाचा हलका कोळसा धरा. आधी ७५ रुपये जीएसटी आणि ४०० उपकर, मिळून पावणेपाचशे. आता १८ टक्क्यांनी २७०. कर पूर्वी वजनावर होता, आता किमतीवर. जितका स्वस्त आणि राखेचा कोळसा, तितकी सवलत. विटेचा तुकडा खाली टाकून आप्पा म्हणाले, "राख खाणारे फेकरीवाले, अन् सवलत कोळशाले."

गंमत बघा, आपल्याकडे परतावा कसा द्यायचा हे सरकारला येत नव्हतं असंही नाही. गॅसचं आठवा. २०१५ च्या जानेवारीपासून देशभर ‘पहल’. सिलिंडर पूर्ण भावाने घ्या, सबसिडी खात्यात. पहिल्या वेळी आमच्या कॉलनीत निम्म्या बायकांनी मोबाइलचा मेसेज नवऱ्यांना वाचायला दिला, आणि तो मेसेज नवऱ्यांनीच ठेवून घेतला, पैशासकट. पुढे २०२० पर्यंत सर्वसाधारण ग्राहकाची ती सबसिडी आटत आटत दिसेनाशी झाली, उज्ज्वलावाल्यांना तेवढी नंतर पुन्हा मिळू लागली. म्हणजे कोळशावर कर होता पण परतावा नव्हता, आणि गॅसवर परतावा होता पण धुराचा कर नव्हता. नवरदेव एका मांडवात, नवरी दुसऱ्या. आता कारखान्यांसाठी कार्बन क्रेडिटच्या बाजाराची योजना २०२३ मध्ये आणलीय, त्यात घराच्या वाट्याला काही येत नाही, म्हणून त्यावर भिंतीवर चर्चा झाली नाही.

मी म्हटलं, जीजी, समजा आपल्याकडे आला असा टॅक्स, डिझेलवर वगैरे, आणि घरटी परतावा. चालेल?

जीजींचे दीर केळीवाले. त्यांनी लगेच नस पकडली. "ट्रकचं भाडं वाढीन. दिल्लीवाला व्यापारी ते माह्या दिराच्या भावातून कापीन. बोर्डावर भाव एक राहते, हातात दुसरा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. सिमेंटवाला आपला कर गिऱ्हाइकावर ढकलू शकतो. केळीवाल्याला घड झाडावर थांबवता येत नाही. पिकायला लागला की मिळेल त्या भावाला कापायचा. शेतीच्या पंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत राज्य सरकारने २०२४ पासून वीजबिल माफ केलंय, म्हणजे तिथे कराचा काटा लागणारच नाही, आणि जिथे लागेल ते ट्रकचं भाडं त्याच्या हातात नाही. कॅनडाने निदान खेड्यातल्याला वीस टक्के जास्त दिले. रावेर तालुक्यात असं काही करायचं, तर केळी पिकवणाऱ्याचा भाव आणि घड डोक्यावर वाहणाऱ्या पाल गावाकडच्या तडवी-पावरा मजुराचं खातं, दोन्ही आधी बघावे लागतील. त्या मजुराचा धूर सगळ्यांत कमी. पैसे सगळ्यांत जास्त त्यालाच उरले पाहिजेत. आणि आधार जोडलेलं नाही म्हणून अडकतात तेही नेमके त्याचेच.

"अन् आम्हाले तं उन्हाचे पैसे भेटतातच," जीजी म्हणाल्या.

हे खरं. केळीचा हवामानावर आधारित विमा. थंडी ठरलेल्या अंशाच्या खाली, ऊन ठरलेल्या अंशाच्या वर, सलग ठरलेले दिवस गेलं की भरपाई. मागे एका उन्हाळ्यात त्यांच्या दिराच्या मंडळातल्या हवामान यंत्राचा आकडा शेवटच्या दिवशी जरासा खाली उतरला आणि सगळं हुकलं. दिराने त्या दिवशी बागेत छत्री धरून उभं राहून दाखवलं होतं, की बघा, पानं करपतायत. यंत्राला ते दिसत नाही.

"हे असं म्हन नं मंग," जीजी अचानक म्हणाल्या, "ते कॅनडाचे पैसे म्हंजे वापसी."

आप्पा खो-खो हसले. बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे केळीच्या भावाला तीन-चार पायऱ्या. नवती, पिलबाग, कांदेबाग, आणि सगळ्यात खाली वापसी. डाग पडलेला, आखूड फण्यांचा, व्यापाऱ्याने बाजूला काढलेला माल. रिबेटला मराठीत परतावा म्हणतात हे जीजींना ठाऊक नसेल, पण ज्या पैशाला कुणी किंमत देत नाही त्याला काय म्हणतात, ते त्यांना नेमकं ठाऊक आहे.

म्हटलं, नाव चांगलं आहे, पण या नावाने आला तर कुणी मत देणार नाही.

"मंग नवती म्हना. कोण पाहते."

आठ वाजत आले होते. गच्चीवरची फरशी आता पायाला चटका देत असणार. जीजी वर गेल्या आणि काल वाळलेल्या बिबड्यांचा डबा घेऊन खाली आल्या. अख्ख्या बिबड्या एका बाजूला, ब्रॅम्प्टनच्या पार्सलसाठी. त्याचं कुरिअरचं भाडं ऐकून आप्पा म्हणाले होते, की त्यात विमानाच्या धुराचा टॅक्स धरलेला दिसतो. उरलेल्या कडा तुटलेल्या, मधून चिरलेल्या बिबड्या जीजींनी दोन ताटल्यांत काढल्या आणि एक माझ्याकडे, एक आप्पांकडे भिंतीवरून सरकवली.

"घ्या. वापसी आहे. भाव करू नका."

आप्पांनी तिथेच एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि खाली वाकून तो विटेचा तुकडा शोधू लागले. तिसऱ्या ओळीत त्यांना काहीतरी दुरुस्त करायचं होतं.