सही करून मग सल्ल्याला येणाऱ्या पक्षकारांस

आमच्या सर्व अन्नदात्यांस,



तालुका कोर्टात वकिली करणाऱ्याने पक्षकारांचे जाहीर आभार मानायची पद्धत नाही. जाहिरात होते म्हणून बार कौन्सिल डोळे वटारते. अमुक कामात आपला हातखंडा आहे, एवढंसुद्धा आम्हाला पाटीवर लिहिता येत नाही, त्यामुळे कोर्टासमोरच्या साऱ्या पाट्या सारख्याच दिसतात आणि आमची चौकशी तुम्हाला चहाच्या टपरीवर करावी लागते. तरीही हे पत्र लिहितो आहे. इतकी वर्षं तुमच्या जिवावर घर चालवून गप्प बसणं कृतघ्नपणाचं होईल.

सही करण्याआधी तुम्ही आमच्याकडे येत नाही, हे तुमचे केवढे उपकार! आधी आलात तर काम अर्ध्या तासाचं. कागद वाचायचा, दोन ओळी खोडायच्या, एक घालायची. त्याचे हजार रुपये सांगितले तर तुम्ही म्हणता, "नुसतं विचारलं तर होतं!" नंतर आलात की कसं भरगच्च काम निघतं. नोटीस, दावा, मनाईचा अर्ज, कैफियत, उलटतपास, अपील, आणि या सगळ्यांच्या मध्ये तारखा. आमच्या थोरल्याचं इंजिनीअरिंग एका बांधावर झालं. धाकटीचं चालू आहे, तेव्हा लोभ असू द्यावा.

सर्वांत मोठा नमस्कार गुंठ्यातल्या प्लॉटवाल्यांना. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन विकायची तर नोंदणी केलेलं खरेदीखत लागतं, असं १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. तो शंभराचा आकडा आजही तसाच आहे. आपण मात्र तो निराळ्याच अर्थाने मनावर घेतलात. शंभराचा स्टॅम्प आणला, त्यावर आठ लाखांचा प्लॉट लिहिला, नोटरीचा गोल शिक्का मारून घेतला आणि पेढे वाटले. (२०२४च्या ऑक्टोबरात शंभराचं काम पाचशेवर गेलं. शिक्का तोच राहिला.) १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे या तुकड्याची नोंदणी होत नाही, असं एजंटाने सांगितलं, तेव्हा दुसरा कुणी पैसे खिशात घालून घरी गेला असता. आपण म्हणालात, "मग नोटरी करू की!" वर्षभराने आपण विचारायला आलात, "साहेब, सातबाऱ्यावर नाव कधी लागणार?" तोवर तोच प्लॉट आणखी दोघांना विकला गेला होता. ते दोघेही कुणा ना कुणा वकिलाच्या बाकावर बसलेले आहेत. एका तुकड्यावर तीन वकिलांची सोय केलीत.

घरमालक मंडळींचंही कौतुक करायला हवं. भाडेकरार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, ही श्रद्धा तुम्ही वाडवडिलांपासून जपली आहे. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने लेखी करार आणि त्याची नोंदणी दोन्ही सक्तीची केली आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. करार एक महिन्याचा असो की साठ महिन्यांचा. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, खोटं पाडायचं असेल तर तुम्ही पाडा. ते पाडायचं काम आम्ही घेतो.

चेकवाल्यांबद्दल काय बोलावं? "सिक्युरिटी म्हणून" सही करून कोरा चेक देणारे एका बाजूला, वटला नाही म्हणून घेऊन येणारे दुसऱ्या बाजूला. पहिल्यांना वाटतं, रक्कम आपल्या हाताने लिहिली नाही म्हणजे सुटलो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं की सही तुमची असेल तर चेक देण्यापोटीच दिला, हे गृहीत धरलं जाईल. आता उलट तुम्ही सिद्ध करत बसा. दुसऱ्यांची गोष्ट मुदतीची. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, मग महिन्याभरात फिर्याद. आपण मेमो देवघरातल्या पंचांगात ठेवता, कारण समोरचा मेहुण्याचा मित्र आहे आणि तो दिवाळीनंतर देतो म्हणाला आहे. दिवाळी होते, तुळशीचं लग्न होतं, मग आपण येता. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर पुन्हा बँकेत टाकून गाडी रुळावर आणता येते. बहुधा तीही गेलेली असते.

इथे एका पक्षकाराबद्दल लिहायचं तर आभाराचा सूर लावणं जमत नाही. राखीला माहेरी आलेल्या बहिणीला दुसऱ्या दिवशी भाऊ गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणतात. सर्व्हर बंद, म्हणून दोन तास बाकावर. "कशाचं आहे रे?" ती विचारते. "वारसनोंदीचं. सगळ्यांच्याच सह्या लागतात." मग तिचा नंबर येतो. भांडी घासून बोटं कोरडी पडलेली, ठसा उमटत नाही. कारकून म्हणतो, बोट पुसा. ती पदराला पुसते, पुन्हा काचेवर ठेवते. ठसा आला. कॅमेऱ्याकडे बघा. फोटो आला. कागद हक्कसोडपत्राचा होता. वारसनोंदीला तसल्या सहीची गरजच नसते, तिथे उलट सगळ्या वारसांची नावं चढतात. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला, केंद्राला त्यासाठी २००५ उजाडलं. तिला हे कळतं रस्त्यात जमीन गेल्यावर, मोबदल्याच्या यादीत आपलं नाव नाही हे दिसल्यावर. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दस्त रद्द करून मागता येतो. तेवढ्यात ती आली तर दावा उभा राहतो, पण मग भावाच्या घरची राखी बंद होते, आणि त्यावर कुठल्याच कलमात उपाय नाही.

तिला माझी फीसुद्धा द्यायची गरज नाही, हे सांगून मी स्वतःचंच नुकसान करून घेतो. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही, असा १९८७चा कायदा आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते. फोन करायचा तर १५१००. बाकीच्यांनी ही चार वाक्यं वाचलीच नाहीत असं समजावं. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि अपीलही नसतं, हेही विसरून जावं. अपील नाही म्हणजे आम्ही खायचं काय?

फीचं म्हणाल, तर आपण ती विचारतही नाही आणि आम्ही लिहूनही देत नाही, असा दोन्हीकडून सुखाचा संसार आहे. पावती तर आपल्या दोघांनाही अवघड जागेचं दुखणं. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असा निकाल दिला, त्या दिवशी बाररूममध्ये चहा जरा गोड लागला. म्हणजे आमच्यावर रागावलात तर ग्राहक आयोगाची वाट बंद, बार कौन्सिलची उघडी. मात्र फी थकली म्हणून तुमचे कागद अडवून ठेवायची सोय आम्हाला २००० सालापासून राहिलेली नाही, तोही त्याच न्यायालयाचा निकाल. आणि "जिंकलो तर दोन गुंठे तुमच्या नावावर" ही ऑफर कृपया पुन्हा देऊ नये. निकालावर फी ठरवायला आम्हाला मनाई आहे. शिवाय आपले गुंठे कसल्या कागदावर आहेत ते मी पाहिलंय.

एवढं सगळं करून आपला एक उपकार मात्र मी साभार परत करतो. तो म्हणजे लपवलेला कागद. आपण सगळं सांगता, रडता, आईची शपथ घेता आणि सहा वर्षांपूर्वी विसार घेऊन करून दिलेल्या साठेखताबद्दल अवाक्षर काढत नाही. ते साठेखत मी पहिल्यांदा पाहतो ते समोरच्या वकिलाच्या हातात. तुम्ही पिंजऱ्यात असता, तो विचारतो, "ही सही आपलीच ना?" आणि तुम्ही माझ्याकडे बघता. माझ्याकडे काय बघता? पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाला बाहेर सांगता येत नाही. साक्षीचा कायदा १८७२चा होता तेव्हाही, १ जुलै २०२४ला नवा आला तेव्हाही. डॉक्टरला पोटात दुखतं म्हणून सांगायचं आणि रात्री काय खाल्लं ते लपवायचं, असला हा प्रकार. यात माझा काडीचा फायदा नाही. सगळा समोरच्याचा.

कळावे.

आपला,
दिवाणी, फौजदारी, महसूल, सहकार, जे येईल ते करणारा एक वकील

ता. क. : येताना मोबाईलवरचा फोटो नको, मूळ कागद आणा. शेवटचं पान फाटून पडलं असेल तर तेही.