काल तर बरं बोलत होतात!

तोतरेपणाविषयी लोकांची खरी तक्रार तो आहे ही नसते. तो रोज सारखा नसतो ही असते. कायमचा अडखळणारा माणूस लोकांना चालतो, त्याची सवय होते. पण सोमवारी मीटिंगमध्ये घडाघडा बोललेला मी मंगळवारी 'क'वर अडकून पडलो की लोकांना त्यात काहीतरी लबाडी दिसते. 'काल तर बरं बोलत होतात!' या वाक्यात कौतुक किती आणि संशय किती, हे मला अजून निवडून काढता आलेलं नाही.

संशय सगळ्यात बळावतो तो गणपतीत. आमच्या सोसायटीत संध्याकाळी आरत्या सुरू झाल्या की मी टाळ घेऊन पहिल्या रांगेत असतो. एकामागून एक आरत्या होतात, मग मंत्रपुष्पांजली. तिच्यातल्या लांबलचक संस्कृत समासांना भलेभले दबकून असतात आणि नेमक्या त्या जागी तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. मी तिथे कुठेही न ठेचकाळता, खणखणीत आवाजात पार होतो. गेल्या वर्षी ती संपल्यावर सेक्रेटरींनी मला विचारलं, "आजचा प्रसाद कुणाकडून?" उत्तर सोपं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटलांकडून. पण ओठ जे मिटले ते मिटलेच. हातात टाळ, समोर मोदकांचं ताट, मुलांचे डोळे ताटावर, आणि मी "प्... प्... प्...". शेवटी पाटीलच पुढे येऊन म्हणाले, "अहो, आमच्याकडून." शेजारच्या काकूंना मात्र राहवलं नाही. "एवढी मंत्रपुष्पांजली म्हणता आणि पाटील म्हणता येत नाही होय!"

काकूंचा प्रश्न शास्त्रीय आहे, आणि वाचादोषांचा अभ्यास करणारे तो फार वर्षांपासून विचारत आलेत. चारचौघांच्या सुरात सूर मिसळून बोललं की जवळजवळ प्रत्येक तोतऱ्याचं अडखळणं तेवढ्यापुरतं नाहीसं होतं. गातानाही तेच. कुजबुजताना, ठेक्यावर बोलताना, कुत्र्याशी किंवा तान्ह्या बाळाशी बोलतानाही बहुतेकांचं तसंच. एवढंच काय, दुसऱ्याची नक्कल करतानासुद्धा. आमच्या साहेबांच्या आवाजात मी रजेचा अर्ज नामंजूर करतो तेव्हा एक अक्षर अडत नाही. माझ्या आवाजात तीच रजा मागताना घाम फुटतो.

याचा अर्थ दोष जिभेत नाही. बोलताना पुढचा आवाज नेमका कधी सुरू करायचा याचा इशारा मेंदूला आतून द्यावा लागतो, आणि आमच्या मेंदूत ती वेळ साधणं थोडं कच्चं असतं, असं आता बरेच अभ्यासक मानतात. टाळ, ठेका किंवा शेजारचा आवाज तो इशारा बाहेरून देतो, म्हणून गाडी सुटते. घराण्याचाही यात हात असतो. २०१० साली संशोधकांना याच्याशी जोडलेले काही जनुकीय बदल सापडले, त्यांतला पहिला पाकिस्तानातल्या कुटुंबांमध्ये. थोड्याच जणांत सापडणारे हे बदल पेशीतल्या कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेतले आहेत. म्हणजे आमच्या सोसायटीचा आणि माझा प्रश्न मुळात एकच निघायची शक्यता आहे.

उलटा प्रयोग मला जास्त आवडतो. स्वतःचाच आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका उशिरा कानात सोडला तर चांगला बोलणारा माणूसही अडखळायला लागतो. फोनवर आपलाच आवाज परत ऐकू येऊ लागला की एरवीचे फर्डे वक्ते कसे चाचरतात ते पाहावं. मी त्या वेळी चेहरा गंभीर ठेवतो.

आता, मुळातला कच्चेपणा रोज तोच, तर बोलणं रोज वेगळं का? कारण त्याच्यावर येणारं ओझं रोज वेगळं. अपुरी झोप, समोरच्याची घाई, मागची रांग, ज्याला पर्याय नाही असा शब्द. स्वतःचं नाव हा त्यातला सर्वांत वाईट, कारण तिथे समानार्थी शब्द वापरला तर पोलीस येतील. शिवाय अडणार अशी चाहूल. ती लागली की आपण घट्ट होतो, आणि घट्ट झालो की अडतोच. भीतीमुळे माणूस तोतरा होतो हा समज चुकीचा आहे. पण असलेल्या तोतरेपणाला भीती चांगलं खाऊपिऊ घालते. सगळ्यात वाईट दिवस येतो तो चांगल्या दिवसाच्या पाठोपाठ. काल जमलं, आता ते टिकवायचं, म्हणून माणूस प्रत्येक शब्द जपून टाकायला लागतो, आणि जपून बोलणं हाच तर आमचा आजार. तरी काही चढउतारांचा पत्ता मला कधीच लागला नाही. चहा बदलून पाहिला, उशी बदलून पाहिली. निळा शर्ट काही दिवस लाभला, मग त्यानेही दगा दिला.

उपायांना तोटा नसतो. आजीनं मधात वेखंड उगाळून चाटवलं, कुणी प्राचीन ग्रीक वक्ता डिमॉस्थेनिसप्रमाणे तोंडात खडे धरून बोलायला सांगितलं. "सावकाश बोल" हा सल्ला देणारा स्वतः तो फार घाईत देतो, एवढं नोंदवून पुढे जातो.

लहानपणी साधारण २० मुलांत एकजण अडखळू लागतो आणि त्यांतले बहुतेक पुढे आपोआप सुटतात. मोठ्यांत शंभरात एखादा उरतो, आणि उरलेल्यांत बायकांच्या चौपट पुरुष. बारा डब्यांच्या गच्च लोकलमध्ये चार हजार माणसं धरली तरी चाळीस आमची. मग ती ऐकू का येत नाहीत? कारण ती एक स्टेशन पुढचं तिकीट काढतात. मी वर्षानुवर्षं दादरहून कांजूरमार्गला जाण्यासाठी भांडुपचं तिकीट काढत आलो. 'क' टळत होता आणि रेल्वेचीही काही हरकत नव्हती. मोबाइलवर तिकीट निघायला लागलं तेव्हा कुठे मी माझ्या स्टेशनापर्यंतचे पैसे भरू लागलो.

तेव्हा माझे 'बरे' दिवस मोजायचे कसे, हा प्रश्नच आहे. ज्या दिवशी मी लोण्यासारखा बोललो असं लोक म्हणतात, त्या दिवशी मी कित्येक शब्द वळसा घालून टाळलेले असतात; मला म्हणायचं होतं एक आणि म्हणालो भलतंच. ज्या दिवशी वाक्यावाक्याला ठेचा लागतात, त्या दिवशी कधीकधी मनातलं सगळं बोलून झालेलं असतं. बाहेरून दिसणारा आलेख आणि आतला आलेख यांची गाठ क्वचितच पडते. वाचोपचार करणारे म्हणूनच खोलीतल्या एका भेटीवर विसंबत नाहीत, घरचं, फोनवरचं, बाजारातलं बोलणंही ऐकू मागतात. आमच्या हिने यातलं काही वाचलेलं नाही, पण तिला नेमकं कळतं. परवा हॉटेलात मी सफाईनं साबुदाणा वडा सांगितला, तर ही मेन्यूकार्डाआडून म्हणाली, "अहो, तुम्हाला कोथिंबीर वडी हवी होती ना?"

मग काय, वेटरला परत बोलावलं. तो पेन सरसावून उभा. "को..." इथे चांगलाच मुक्काम पडला. त्यानं मदत म्हणून "कोल्ड कॉफी? कोकम सरबत?" असे मार्गही सुचवले. शेजारच्या टेबलावरचा चमचा थांबला. मी मान हलवून नाही म्हटलं, तोच 'को' पुन्हा धरला, घाई केली नाही, आणि शेवटी पूर्ण, स्वच्छ म्हणालो, "कोथिंबीर वडी."

"ती दुपारीच संपली, साहेब."